सीट उलटी, काम अर्धं

गिऱ्हाइकाला सायकल दुरुस्त करायला शिकवणारी बाई म्हणजे स्वतःच स्वतःच्या पोटावर पाय देणारी बाई, असं माझे मालक, म्हणजे आमचे हे, म्हणायचे. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. सुरतेत उधन्याला लूम्सच्या खात्यांच्या, म्हणजे कारखान्यांच्या, फाटकासमोर आमचं सायकल स्टँड होतं. स्टँड त्यांच्या नावावर आणि पाना माझ्या हातात. माझ्या वडिलांचं खानदेशात बाजाराच्या गावी सायकलचं दुकान होतं आणि त्यांना मुलगा नव्हता, तेव्हा पंक्चर काढणं मी परकर नेसायच्या वयात शिकले. ‘हिला रिमची तार ओढता येते, पण पोळी गोल येत नाही,’ हे आईचं रडगाणं लग्न ठरेपर्यंत चालू होतं. लग्न सुरतेच्या मुलाशी झालं. आमच्याकडे पोरगं दहावीला आपटलं की त्याला सुरतेची गाडी दाखवतात, त्यामुळे इथे येऊनही मला परमुलखात आल्यासारखं फारसं वाटलं नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, जिथे जावं तिथे आपलीच माणसं.

मी शिकवायला लागले ते धर्म म्हणून नव्हे, जीव मेटाकुटीला आला म्हणून. खात्यात दोन पाळ्या. पाळी बदलायच्या वेळी शेकडो कारीगर एकदम आत जाणार आणि तेवढेच बाहेर पडणार. त्यातल्या निम्म्यांच्या सायकलींना काहीतरी झालेलं असायचं आणि सगळ्यांना घाई. कारीगर उशिरा पोचला की शेठ त्याचे संचे दुसऱ्याला देऊन मोकळा. संचा म्हणजे माग. मग तो माणूस माझ्या स्टँडवर येऊन माझ्यावर चिडायचा. एकदा मी वैतागून एकाच्या हातात पाना दिला आणि म्हटलं, ‘घे, आवळ तूच.’ त्याने आवळला आणि असा काही हसला, की दुसऱ्या दिवशी आणखी चौघे पाना मागत आले. तिथून सुरुवात झाली. पुढे वीजकपातीच्या दिवशी खाती बंद असली की दुपारी माझ्या स्टँडवर शाळाच भरायची.

विद्यार्थी हुशार होते. अख्खा दिवस यंत्रापाशी उभी राहणारी माणसं ती. पण त्यांचं यंत्र वेगळं आणि माझं वेगळं, आणि घोटाळा तिथेच व्हायचा. मागाचा नियम असा, की संचा कुरकुरला की तेल द्यायचं. हा नियम त्यांच्या हाडीमाशी गेलेला. बुलढाण्याकडचा नामदेव नावाचा एक कारीगर होता. त्याच्या सायकलचा ब्रेक दाबला की कर्कश ओरडायचा. गड्याने मागाच्या तेलाची कुपी घेतली आणि ब्रेकच्या रबराला आणि रिमला छान तेलपाणी केलं. मग रेल्वेच्या पुलावरून उतरला तो थेट उसाच्या रसवाल्याच्या पिंपात. माझ्याकडे आला तेव्हा गुडघे सोललेले आणि अंगाला लिंबू-आल्याचा वास. मी तोंडाला येईल ते बोलले. तो निमूट ऐकून घेऊन म्हणाला, ‘पण अक्का, आवाज त पार बंद झाला होता.’

म्हणून माझा पहिला धडा सायकलला तेल कुठे घालायचं हा नसून कुठे घालायचं नाही हा असायचा. चेनला घाला, फ्रीव्हीलला घाला, ब्रेकच्या वाऱ्यालाही तेलाचा हात लागता कामा नये. ब्रेक ओरडतो तेव्हा रबर झिजलं आहे का ते बघायचं आणि रिम कोरड्या फडक्याने पुसायची. दुसरा धडा, घरी काय करायचं आणि काय नाही. पंक्चर काढा, चेन ताणा, ब्रेकचं रबर बदला, चाक काढून बसवा. हँडलच्या गळ्यात आणि चाकाच्या पोटात हात घालायचा नाही, तिथे बेअरिंगचे छर्रे असतात, ते माझ्याकडे आणा. हे सांगूनही एक जण डबीत छर्रे घेऊन आलाच. ‘अक्का, सगळं बसवलं. एवढे जास्तीचे निघाले.’ त्याला मी सायकलवरून घरी जाऊ दिलं नाही. रागाने पायी गेला, पण गेला सुखरूप.

तिसरा धडा मी कुठे शिकले नव्हते. तो मला सुरतेने शिकवला, आणि तो सांगायचा तर आधी एका सायकलची दोन माणसं सांगायला हवीत.

आमच्या लोकांत एका खोलीत, एका खाटेवर दोन माणसं राहायची. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एक उठला की दुसरा त्याच गादीवर आडवा व्हायचा. सायकलीचंही तेच. एक जण तिच्यावरून फाटकापर्यंत यायचा, सुटलेला तिथेच तिचा ताबा घ्यायचा आणि घरी जायचा. त्यातला एक उंच असेल आणि दुसरा बुटका, तर सीट रोज वरखाली व्हायची. म्हणून अशा सायकलींच्या सीटचा बोल्ट पक्का आवळतच नसत. मोठ्या माणसाने मुठीत धरून जोर केला की सीट फिरेल, इतपत ठेवत. यात धोका असा, की एकाने काही खोललं, काम अर्ध्यावर राहिलं आणि दुसरा न बघता बसून निघाला, तर? एक-दोघांचे दात त्यापायी गेले होते. मग मी नियम केला. काम अर्धं सोडून उठायचं असेल तर सीट उलटी फिरवून ठेवायची, टोक मागे. चिठ्ठी कोण वाचणार, आणि निरोप विसरतात. पण उलट्या सीटवर बसायला गेलेला माणूस खाली बघतोच. कारीगरांनी हे लगेच उचललं. पुढे पुढे कोणाची भाकरी अर्धवट राहिली तरी म्हणायचे, ‘सीट उलटी कर रे.’

भास्कर आणि सुकलाल हे दोघे सख्खे भाऊ, एका सायकलीचे दोन मालक. भास्कर थोरला, उंच, कमी बोलणारा, माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी. नट हातात घेऊन आटे बोटाने चाचपून बघायचा, सोनाराने सोनं बघावं तसं. सुकलाल त्याच्याहून बराच धाकटा आणि बुटका. आई गावाकडे, आणि हा लहानपणीच भावाकडे आलेला. भास्करची बायको मंगला, तिने त्याला दिरासारखं नाही, थोरल्या मुलासारखं वाढवलं. त्याचा डबा ती स्वतः सायकलच्या हँडलला अडकवून द्यायची, हे सगळ्या फाटकाला ठाऊक होतं. सुकलाल डबा उघडून वास घ्यायचा आणि मला चिडवायचा, ‘अक्का, तुले अशी वहिनी भेटनी असती त तू बी पोळ्या शिकी जाती.’ त्या वर्षी त्याची सुपारी फुटली होती. लग्न उन्हाळ्यात.

सुरतेची संक्रांत ज्याने पाहिली नाही त्याला पतंगाचं वेड कळायचं नाही. उत्तरायण झालं की आठवडाभर रस्त्यात, झाडांवर, तारांवर मांजाच मांजा. सायकलीच्या पुढच्या चाकात तो असा गुंडाळतो, की चाक जड चालायला लागतं. ओढून निघत नाही, बोटं कापतात. चाक उतरवून, कात्रीने कापून काढावा लागतो. त्या वर्षी सुट्टीनंतर खाती संध्याकाळच्या पाळीने सुरू होणार होती. दोघे भाऊ दुपारी घरीच होते. पाळी सुकलालची. भास्करने दारात बसून चाक उतरवलं, मांजा काढला आणि चाक परत चिमट्यात बसवून नट हाताने आवळले. हाताने आवळलेला नट म्हणजे नुसती वेळ मारून नेणं, खरा आवळायचा तो पान्याने. त्याचा पाना पलीकडच्या गल्लीत कोणी मागून नेला होता. तो आणायला भास्कर गेला. इकडे सुकलाल पाळीला निघाला.

पुलाच्या उतारावर पुढचं चाक चिमट्यातून सुटलं. मागून ट्रक होता.

लोकांनी सायकल माझ्याच स्टँडवर आणून टाकली, कारण सायकल मोडली की ती अक्काकडे न्यायची हीच सवय. सायकल वेगळी आणि चाक वेगळं. एक नट निघून गेला होता आणि दुसरा शेवटच्या आट्यावर लटकत होता. मी तो बोटाने फिरवून पाहिला. आटे अगदी नव्यासारखे होते. एवढ्या वर्षांत मी हजारो सायकली हाताळल्या असतील, पण त्या दिवशी माझ्याने पाना उचलवला नाही.

भास्कर दहावं झाल्यावर आला. मी विचारू नये ते विचारलं. धंद्याच्या माणसाला ते विचारल्यावाचून राहवत नाही. म्हटलं, ‘सीट?’

तो खाली बघून म्हणाला, ‘फिरावानी राही गई, अक्का.’

माझा विश्वास बसला नाही आणि बसलाही. सगळ्यात सावध माणूसही एखाद्या दिवशी चुकतो, आणि तो दिवस नेमका कोणता हे त्याच्या हातात नसतं. घरी, गावी, भाऊबंदांत त्याने एवढंच सांगितलं, की नट आवळायचे माझ्याकडून राहिले. आईने त्याच्या छातीवर मुठी मारल्या म्हणे, आणि तो नुसता उभा राहिला. पुढे त्याने लिंबायतची खोली सोडली आणि लांब डिंडोलीला बिऱ्हाड नेलं. सायकलीला परत हात लावला नाही. ऊन असो, पाऊस असो, पायी यायचा, पायी जायचा, माझ्या स्टँडच्या समोरच्या बाजूने. मी हाक मारली तर हात वर करायचा आणि चालत राहायचा. मंगलाला त्याने सक्त सांगितलं होतं, अक्काच्या स्टँडकडे फिरकायचं नाही. त्याचं दुखणं मला कळत होतं आणि मनाला लागतही होतं. माझ्याकडे बघितलं की त्याला सायकल दिसत असणार, असं मी धरून चालले.

पाच-सहा वर्षं गेली. एका दुपारी मंगला स्टँडवर आली, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला. सोबत एक जुनी लेडीज सायकल, ढकलत आणलेली. मुलगी उषा आता हायस्कूलला होती आणि शाळा लांब. मंगला साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणून करायची, त्यातून तिने ही सायकल घेतली होती. भास्करने पोरीला नाही म्हटलं नाही, पण सायकल घरात आली त्या दिवसापासून तो तिच्याकडे पाठ करून जेवायचा.

‘ते तिले हात लावत नहीत,’ मंगला म्हणाली. ‘आनि पोर त रोज जास. मना रोज तिना मांगे जीव टांगेल ऱ्हास. अक्का, माले शिकाड. नट कसा पाहतस, चाक कसं पाहतस, सगळं शिकाड. तेस्ले सांगू नको.’

मला तिला परत पाठवता आलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतकी वर्षं पुरुषांना शिकवलं, बाई शिकायला आली ती ही पहिली. भास्करची दिवसपाळी असली की ती यायची. हात कष्टाचे होते आणि डोळा धाग्याच्या कामाने तयार झालेला. पंक्चर दोन दिवसांत काढायला लागली. ट्यूब पाण्यात धरायची आणि बुडबुडा आला की लहान मुलीसारखी हसायची. बसण्याआधी पुढचं चाक वीतभर उचलून खाली आपटायचं आणि आवाज ऐकायचा, हे मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. ती उषाकडून करून घ्यायची. घरी तिची पोर आता रोज चाक आपटून शाळेला जाते, असं तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी त्या घरातल्या कोणाच्याही चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग चाक काढून बसवण्याचा दिवस आला. तिने चाक उतरवलं, बसवलं, नट हाताने लावले. मी रोजच्या सवयीने म्हटलं, ‘आता समज, तुला कोणी हाक मारली. पान्याने आवळायचं राहिलंय. उठायच्या आधी काय करायचं?’ आणि सीट धरून उलटी फिरवली.

तिने सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

‘हाई काय?’

‘खूण. काम अर्धं आहे, बसू नका. इथल्या सगळ्या कारीगरांना ठाऊक आहे.’

मंगला खाली बसली. पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी, ओल्यात.  मला वाटलं चक्कर आली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

‘त्या दिन अशीच व्हती,’ ती म्हणाली. ‘उलटी. माले वाटनं पोरेस्नी खेळता खेळता फिराई दिधी. सुकलालले उशीर व्हई ऱ्हायंता. मी डबा अडकाडा आनि सीट सरळ करी दिधी. जोर करीसन. हाई हातवरी.’

आपल्या हातांकडे ती अशी बघत होती, की मला ते हात धरावेसे वाटले आणि धरवेनात. आमच्या खोल्यांतून एकाही बाईला या खुणेचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. सायकल पुरुषांची, खूण पुरुषांची. आणि डबा अडकवायला रोज सायकलपाशी जायची ती बाई.

थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘तेस्ले सांगू का?’

मी सांग म्हटलं. विचार करून म्हटलं. एक माणूस न केलेल्या चुकीपायी वर्षानुवर्षं पायी चालतो आहे, आणि त्याने सीट फिरवली होती. त्याने सगळं बरोबर केलं होतं. हे त्याला कळायला नको? स्वतःवरचाच त्याचा विश्वास उडाला असेल, फिरवूनही फिरवली नाही असं त्याला वाटत असेल, असं मी तिला समजावलं. ती हो म्हणाली आणि उठून गेली. जाताना सायकल घेऊन जायची विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भास्कर आला. रस्ता ओलांडून, थेट स्टँडमध्ये. एवढ्या वर्षांनी. पाळी सोडून आला होता. मी त्याला बसायला स्टूल दिलं. मला वाटत होतं, त्याच्या मानेवरचं जोखड आता उतरलेलं दिसेल.

‘सांगं का तिनी?’ मी विचारलं.

‘सांगं.’

‘मंग आते तरी समजनं ना तुले? तू फिरावी व्हती सीट.’

‘माले माहीत व्हतं, अक्का.’

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

‘त्याच दिनपासून,’ तो म्हणाला. ‘मी सीट उलटी करीसन पाना लेवाले गयतू. वापस उनू त सायकल नही, सुकलाल बी नही. घरमा ती आनि पोरे. पोरेस्ना जोर पुरस नही त्या सीटले. सुकलाल त खूण वळखे, त्यानी फिरावी नसती. मंग ऱ्हायनं कोन?’

 तो त्या दिवशी बोलला. आयुष्यभरात माझ्याशी बोलला नसेल एवढं बोलला. आई गावाहून येणार होती, भाऊबंद येणार होते. मंगलाचं नाव निघालं असतं तर तिला त्यांनी जगू दिलं नसतं. तो सख्खा भाऊ, त्याला रडत रडत का होईना, माफ करणारच होते. आणि तिला स्वतःला कळलं असतं तर? ज्याला तिने भरवून मोठं केलं, तो तिच्याच हाताने गेला, हे? म्हणून त्याने राहून गेलं म्हणून सांगितलं. म्हणून लिंबायत सोडलं, शेजारी कारीगरांची वस्ती, कोणाच्या तरी तोंडून सीटचं नाव निघालं असतं. म्हणून तिला माझ्या स्टँडकडे येऊ दिलं नाही. तो माझ्यावर रुसला आहे असं मी धरून चालले होते. तो पहारा देत होता.

‘मना एकलावरी व्हतं तवपर्यंत ठीक व्हतं,’ तो म्हणाला. ‘माले सवय व्हई गयती.’

‘ती काय म्हणाली?’

‘मना तोंडवरी तिले दिसनं, का माले पहिलेपासून माहीत व्हतं. तिनी इतलंच सांगं, तुम्हाले माहीत व्हतं आनि तुम्ही रोज मना हातनं जेवनात. मंग बोलनीच नही. रडनी बी नही. सकायपासून काम करी ऱ्हायनी. पानी बी पेनी नही.’

त्याने माझ्यावर राग काढला असता तर बरं झालं असतं. मी शिकवलं ते बरोबर होतं, आणि आज कोणी विचारलं तरी मी तसंच शिकवीन. पण बरोबर शिकवलेली गोष्ट माणसाच्या एवढी वर्मी बसते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दुपारचं दुःख माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

मग तो ज्यासाठी आला होता ते बोलला. ‘एक काम कर. घर ये आनि तिले सांग, नट पहिलेपासूनच खराब व्हता. आटे जायेल व्हतात. पानावरी आवळा असता तरी निंघी जाता. मनं ती ऐकाव नही. तुनं ऐकी.’

मी धंद्यात गोड बोलले आहे, तोडून बोलले आहे, पण सायकलीच्या बाबतीत खोटं कधी बोलले नाही. ब्रेकचं रबर चालेल तर चालेल, नाही तर नाही. लोक माझ्या शब्दावर सायकलवर बसायचे. त्या दिवशी मी स्टँड मालकांच्या हवाली केलं आणि भास्करबरोबर डिंडोलीला निघाले. तो सायकलवर बसणार नाही म्हणून मीही पायीच. उषाची सायकल हाताने ढकलत. वाटेत मी मनात वाक्य जुळवत होते.

मंगला दारात बसून साडीचे धागे कापत होती. तिने मला बसायला पोतं टाकलं. मी बसले आणि सांगून टाकलं. त्या दिवशी सायकल माझ्याकडेच आली होती, मी नट स्वतः पाहिला होता, आटे पार गेलेले होते, तू सीट फिरवली असतीस काय किंवा नसतीस काय, ते चाक निघणारच होतं. माझा आवाज मला बरा वाटला. खोटं बोलायला एवढं अवघड नसतं, असंही वाटून गेलं.

तिने कात्री खाली ठेवली.

‘आटा जायेल नट हातवरी आवळाय जास का, अक्का? तूच सांगं ना, तो नुस्ता फिरत ऱ्हास. हातले लागत नही. तेस्नी त हातवरी आवळा व्हता.’

तिला हे मीच आठवडाभरापूर्वी शिकवलं होतं, दोन नट हातात देऊन, एक चांगला आणि एक वाया गेलेला. पहिल्याच वेळी तिने डोळे मिटून वाया गेलेला ओळखला होता. आता ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि भास्करही दारातून बघत होता. मी अजून एक खोटं जुळवू शकले असते. पण तिची मुलगी रोज सकाळी त्या शिकवणीवर शाळेला जात होती. त्यातली एक गोष्ट खोटी पाडली तर उरलेल्या कशावर तिने विश्वास ठेवायचा?

‘नही,’ मी म्हटलं. ‘नही आवळाय जास.’

भास्करने डोळे मिटून घेतले. मंगलाने मान हलवली. तिला ते आधीच माहीत होतं, नुसतं माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

‘मायले काही सांगू नका, ती म्हातारी शे. पन माले आते कोनी खोटं सांगू नका. इतला वरीस तुम्ही एकलाच रडनात, मी तुमना पाठवर हात फिरावत बठनू. आते माले रडू द्या.’

भास्करने चपला दारात काढल्या आणि आत जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसला. मी सायकल भिंतीला टेकवली आणि निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत मला तिचं रडणं ऐकू येत होतं.